डांबरावर भांडतो, स्विचवर गप्प बसतो

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण वाचा नक्की, कारण पैसा तुमचा-माझा आहे.

आपल्या गावात रस्त्याचं काम निघालं की चौकातला पानटपरीवालासुद्धा सांगतो, डांबर कमी पडलंय, खडी बारीक वापरलीय. नळाची पाइपलाइन टाकली की आजीबाई विचारतात, "बाळा, पाइप किती इंची रे?" हे चांगलंच आहे. लोक बघतात म्हणून ठेकेदार थोडा तरी घाबरून असतो. पण विषयपत्रिकेवर "नेटवर्किंग साहित्य खरेदी" असं आलं की सभागृहात एकदम शांतता. सगळे हात वर. मंजूर. पुढचा विषय. वर्षानुवर्षं सभांचं वार्तांकन करताना मी हेच बघत आलोय.

येत्या सर्वसाधारण सभेत असाच एक विषय येतोय. नगरपालिकेची मुख्य इमारत, वाचनालय, अग्निशमन केंद्र, जलशुद्धीकरण केंद्र आणि चौकातले कॅमेरे, हे सगळं फायबरनं एकमेकांना जोडायचं, आणि त्यासाठी "फायबर सपोर्ट असलेले नेटवर्क स्विच" घ्यायचे. कल्पना चांगली आहे, माझा विरोध नाही. पण त्या एका ओळीत काय काय दडू शकतं, हे आधी समजून घेऊ. मी इंजिनिअर नाही, पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस आहे. पण गेले काही महिने केबलचं काम करणाऱ्या पोरांबरोबर फिरलो, खांबावरचे डबे उघडून पाहिले, कागद वाचले. जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

स्विच म्हणजे काय? एसटी स्टँड समजा. प्रत्येक फलाटावर एक गाडी लागते आणि कंट्रोलर सांगतो कोण कुठे जाणार. संगणक, कॅमेरा, प्रिंटर यांच्या वायरी या डब्याला लागतात आणि कुठली माहिती कोणाकडे पाठवायची ते तो ठरवतो. एवढंच.

आता पहिला प्रश्न असा, की फायबरवाला स्विच लागतो तरी का? बऱ्याच ठिकाणी लागतच नाही. आपल्या घरी किंवा ग्रामपंचायतीत फायबरचं इंटरनेट येतं, तेव्हा भिंतीवर एक छोटा डबा बसवतात. त्याला ओएनटी म्हणतात. काचेची तार त्या डब्यात संपते आणि पुढे साधी तांब्याची वायर निघते. ती कुठल्याही साध्या स्विचला लागते. तेव्हा एका खोलीतल्या पाच संगणकांसाठी कोणी "फायबर आलंय साहेब, आता फायबरचाच स्विच लागेल" म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. उलट, ओएनटीत जाणारी ती तार काढून थेट स्विचच्या फायबर पोर्टात साधं मॉड्यूल लावून खुपसली तर चालतही नाही. कारण ती पद्धतच वेगळी. तिथे एकाच तारेतून फाटे फोडून अनेक ग्राहक जोडलेले असतात.

फायबरचा स्विच लागतो तो दोन इमारती जोडताना. याची कारणं दोन.

पहिलं कारण अंतर. तांब्याची नेटवर्क वायर १०० मीटरपर्यंतच भरवशाची. हा नियम जगभर सारखाच आहे. त्यापुढे कधी चालते, कधी नाही. फायबर मात्र साध्या मॉड्यूलवरही १० किलोमीटर जातं.

दुसरं कारण वीज. आकाशातली. आपल्याकडे मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात कशा विजा पडतात, हे कोणाला सांगायला नको. दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर टाकली की जवळपास कुठे वीज पडली तरी तो झटका वायरीतून आत येतो आणि दोन्हीकडची यंत्रं जाळतो. काचेतून वीज वाहत नाही. पण इथेही एक मेख आहे. उंदरांनी कुरतडू नये म्हणून काही फायबर केबलींवर लोखंडी कवच असतं. ते नीट अर्थिंग केलं नाही तर झटका त्या कवचातून येतो. म्हणून केबल धातूविरहित घ्या किंवा कवचाचं अर्थिंग करा, हे निविदेत लिहिलेलंच हवं.

आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयाचं सांगतो. नाव घेत नाही. जुनी इमारत आणि नवी इमारत, मध्ये शंभर मीटरहून बरंच जास्त अंतर. पहिल्यांदा काम झालं तेव्हा तांब्याची वायर टाकली आणि मध्ये कडुलिंबाच्या झाडाला डबा टांगून त्यात एक छोटा स्विच ठेवला. पावसाळ्याच्या सुरुवातीला विजा झाल्या, तो स्विच गेला आणि आतले दोन संगणकही गेले. मग फायबर टाकलं. पण स्विचला फायबरचं पोर्टच नव्हतं. म्हणून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावले. हे छोटे डबे फायबरचं तांब्यात आणि तांब्याचं फायबरमध्ये रूपांतर करतात. त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो, वेगळा प्लग लागतो. झाडू मारताना प्लग निघाला की नेट बंद. अडॅप्टर उन्हाळ्यात तापून गेला की नेट बंद. आणि खिडकीवर पाटी तयार: "सर्व्हर डाऊन आहे."

त्या पाटीसमोर कोण उभं असतं, हे मी रोज बघतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली, त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई. प्रवेशाची मुदत संध्याकाळी संपणार म्हणून घामाघूम झालेलं पोरगं. एक मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, हे सरवर म्हणजी कोन साहेब हाय? रोजच रजेवर ऱ्हातो." हसू आलं, पण ते हसण्यासारखं नाही. सर्व्हर कुठे मुंबईत मजेत चालू होता. बंद होता तो झाडूनं निसटलेला प्लग.

तेव्हा मुद्दा असा की स्विच घेतानाच त्यात फायबरची जागा असलेला घ्यावा. या जागेला एसएफपी स्लॉट म्हणतात. त्यात बोटाएवढं एक मॉड्यूल बसतं आणि मॉड्यूलमध्ये तार लागते. मॉड्यूल बिघडलं तर तेवढंच बदलायचं, स्विच तसाच राहतो. सोय चांगली आहे. पण खरेदीतल्या खाचाखोचा इथूनच सुरू होतात.

एक, कॉम्बो पोर्ट. कागदावर लिहितात: २४ पोर्ट आणि ४ फायबर पोर्ट. वाचणाऱ्याला वाटतं एकूण २८. पण ते कॉम्बो असतील तर त्या चार जागा तांब्याच्या चार जागांशी सामायिक असतात. फायबर लावलं की तांब्याची तेवढी पोर्टं बंद. एकूण २४च. म्हणजे एसटीत तिकीट दोघांना एकाच सीटचं. "फायबर पोर्ट स्वतंत्र असावेत" हे चार शब्द निविदेत घातले की प्रश्न मिटतो.

दोन, तारेचा प्रकार. फायबर दोन जातींचं असतं, सिंगल मोड आणि मल्टिमोड. सिंगल मोडचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा. मल्टिमोड एक गिगाबिटला फार तर ५५० मीटरपर्यंत जातं. सिंगल मोड कित्येक किलोमीटर जातं आणि उद्या वेग वाढवायचा झाला तरी तीच तार चालते. गावभर पसरलेल्या इमारतींसाठी सिंगल मोडच हवं. पण मॉड्यूलही त्याच जातीचं पाहिजे. तार एका जातीची आणि मॉड्यूल दुसऱ्या जातीचं आलं तर माल कपाटात आणि बिल मात्र मंजूर.

तीन, "जास्त ताकदीचं चांगलं" हा गैरसमज. अंतर दोन किलोमीटर आणि मॉड्यूल ८० किलोमीटरचं. ठेकेदार म्हणणार, साहेब, भारी दिलंय. पण इतक्या जवळ त्याचा प्रकाश समोरच्या मॉड्यूलला सोसत नाही, त्याचा डोळा दिपतो, खराबही होतो. हिशेब साधा आहे. सिंगल मोडमध्ये १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाची घट किलोमीटरला साधारण ०.४ डेसिबल धरतात. तीन किलोमीटरला झाली १.२. चार जोड, प्रत्येकी अर्धा, म्हणजे २. एकूण ३.२. दहा किलोमीटरच्या साध्या मॉड्यूलला यापेक्षा कितीतरी जास्त घट चालते. मग ८० किलोमीटरवाल्याचे पैसे कशासाठी?

चार, हिरवं आणि निळं. फायबरच्या टोकाला हिरवी टोपी असली तर काचेचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळी असली तर सरळ. हिरव्याला निळं जोडलं की टोकं नीट भिडत नाहीत, प्रकाश गळतो आणि टोकही खराब होऊ शकतं. माझ्याबरोबर फिरणारा केबलवाला पोरगा म्हणाला, "सर, अर्ध्या तक्रारी तर या टोप्यांच्या आणि धुळीच्या असतात. टोक पुसलं की लाइन चालू." मी विचारलं, "मग ऑफिसातले लोक का पुसत नाहीत रे?" तो म्हणाला, "त्यांना कोणी दाखवलंच नाही सर." म्हणजे निविदेत प्रशिक्षण हवं. दोन तासांचं असलं तरी चालेल, पण कर्मचाऱ्यांच्या हातात तार देऊन दिलेलं.

पाच, कंपनीचं कुलूप. काही स्विच फक्त आपल्याच कंपनीचं मॉड्यूल घेतात, दुसरं लावलं तर पोर्ट चालूच होत नाही. आज स्विच स्वस्तात देतात आणि उद्या मॉड्यूल अव्वाच्या सव्वा भावानं घ्यावं लागतं. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तोच धंदा. म्हणून दर मागवताना स्विच, मॉड्यूल, जोडवायर आणि पाच वर्षांची देखभाल असा एकत्र दर मागवा. आणि इतर कंपनीचं मॉड्यूल चालतं का, ते लेखी घ्या.

सहा, वेग. "दहा गिगाबिट" ऐकलं की सभागृहात माना डोलतात. जरा गुणाकार करू. एक चांगला कॅमेरा साधारण ४ मेगाबिट खातो असं धरा. १६ कॅमेरे म्हणजे ६४ मेगाबिट. १०० कॅमेरे लावले तरी ४००. एक गिगाबिट म्हणजे १००० मेगाबिट. तेव्हा चौकाचौकातल्या स्विचला दहा गिगाबिट कशाला? जिथे सगळ्या लाइनी एकत्र येतात त्या मुख्य इमारतीतल्या स्विचला ती सोय असावी, पुढच्या दहा वर्षांचा विचार म्हणून. बाकी ठिकाणी एक गिगाबिट भरपूर.

सात, वायरीतून दिली जाणारी वीज. कॅमेऱ्याला वेगळी वीज नको म्हणून नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारे स्विच असतात. त्याला पीओई म्हणतात. एका पोर्टला जुन्या पद्धतीत १५.४ वॅट, नव्या पद्धतीत ३० वॅट. कागदावर "२४ पोर्ट, प्रत्येकी ३० वॅट" असं छापतात. म्हणजे ७२० वॅट पाहिजेत. पण त्या स्विचचा एकूण साठाच ३७० वॅटचा असू शकतो. भागाकार केला तर पोर्टला १५ वॅटच्या आसपास. दिवसा सगळं ठीक चालतं. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त ओढली जाते आणि शेवटचे कॅमेरे एकेक करून बंद पडतात. नेमके रात्री. चोराला याहून काय पाहिजे?

आठ, ऊन. कार्यालयात ठेवायचा साधा स्विच ४० ते ५० अंशांपर्यंत चालेल असा बनवलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२-४३ असतं. खांबावरच्या बंद लोखंडी डब्यात काय होत असेल? तिथे औद्योगिक दर्जाचा, ७०-७५ अंश सोसणारा स्विचच पाहिजे. आणि उलट, वातानुकूलित खोलीत औद्योगिक स्विच बसवून दुप्पट बिल लावलं असेल तर तेही विचारा.

नऊ, व्यवस्थापन करता येणारा स्विच. साधा स्विच मुका असतो, तो काही सांगत नाही. मॅनेज्ड स्विच सांगतो की कुठली लाइन बंद आहे, आणि मॉड्यूल त्या सोयीचं असेल तर समोरून प्रकाश किती येतोय तेही दाखवतो. प्रकाश हळूहळू कमी होतोय हे दिसलं तर लाइन बंद पडायच्या आधीच माणूस पाठवता येतो. याच स्विचमध्ये एकाच तारेवर वेगवेगळे कप्पे करता येतात, कॅमेरे एकीकडे आणि लेखा विभाग दुसरीकडे. वाचनालयात बसलेल्या कोणाला घरपट्टीच्या संगणकापर्यंत पोचता येता कामा नये. आणि कंपनीनं दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललेला हवा.

दहा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा, म्हणजे जोडणीचा आकार. यासाठी देशाचंच उदाहरण बघा. ग्रामपंचायती फायबरनं जोडायची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. सुरुवातीला तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत तार गेली ती सरळ रेषेत. मध्ये कुठे रस्त्याच्या कामात जेसीबीनं ती तोडली की पुढचं सगळं बंद. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या ग्रामपंचायतीत तो डबा भिंतीवर आहे आणि त्याचे दिवे विझलेले आहेत, हे तुम्हीच मला सांगता. मग ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट मंजूर झालं, १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचं. त्यात जोडणी कडं करून, म्हणजे रिंग पद्धतीनं करायची ठरली. एकीकडून तुटलं तर दुसरीकडून रस्ता चालू.

देशानं एवढी वर्षं घालवून जे ठरवलं, ते आपण गावात पहिल्याच दिवशी का करू नये? पाच इमारती रांगेत जोडण्याऐवजी कडं करा. मॅनेज्ड स्विच काही क्षणांत रस्ता बदलतो. त्यासाठी प्रत्येक स्विचला किमान दोन स्वतंत्र फायबर स्लॉट लागतात, एक येणारा आणि एक जाणारा. एकच असेल तर कडं होणारच नाही. आणि हो, दोन्ही बाजूच्या तारा एकाच चरातून नेल्या तर ते कडं फक्त नकाशावर. जेसीबी दोन्ही एकदम तोडेल.

आता कोणी म्हणेल, हे सगळं इंजिनिअर बघतील, तुम्ही कशाला पडता? उत्तर असं की निविदेतल्या अटी कोणासाठी लिहिल्या जातात, हे बघणं नागरिकाचंच काम आहे. केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम १४४ सांगतो की खरेदीचे तपशील गरजेप्रमाणे स्पष्ट असावेत आणि त्यात अनावश्यक गोष्टी घुसडू नयेत. ते नियम केंद्राच्या खात्यांसाठी आहेत हे खरं, पण शहाणपण गावालाही लागू पडतं. एखाद्या स्विचचं वजन, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, वरच्या दिव्यांची संख्या असलं काही अटींत दिसलं, तर समजा की माप आधी घेतलंय आणि सदरा नंतर शिवलाय.

म्हणून सभेआधी तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकांना, ताईंना-भाऊंना, एवढे प्रश्न नक्की विचारायला सांगा:

१. कुठल्या दोन ठिकाणांमध्ये किती मीटर अंतर आहे, याचा नकाशा कुठे आहे?
२. प्रत्येक स्विचला स्वतंत्र फायबर स्लॉट किती, आणि ते कॉम्बो तर नाहीत ना?
३. तार सिंगल मोड आहे का, आणि मॉड्यूल तिला जुळणारं, अंतराला साजेसं आहे का?
४. दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल चालेल का? लेखी द्या.
५. पीओईचा एकूण साठा किती वॅट, आणि रात्री सगळे कॅमेरे मिळून किती ओढतील?
६. जोडणी रेषेत आहे की कड्यात? दोन्ही तारांचे रस्ते वेगळे आहेत का?
७. खांबावरच्या स्विचला किती तापमान सोसतं? यूपीएस किती वेळ चालेल?
८. काम संपल्यावर पासवर्ड, नकाशा आणि तारेच्या मोजणीचा अहवाल पालिकेच्या ताब्यात येणार का?
९. एक स्विच आणि दोन-चार मॉड्यूल शिल्लक म्हणून कपाटात राहणार का?

आठवा प्रश्न साधा वाटतो, पण तोच महत्त्वाचा. पासवर्ड ठेकेदाराच्या खिशात राहिला तर पुढची पाच वर्षं पालिका त्याच्या दारात. देखभालीचा ठेका तो म्हणेल त्या दराला.

उत्तरं मिळाली नाहीत तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. निविदेच्या अटी, तुलनात्मक दरपत्रक आणि काम पूर्ण झाल्यावरचा तपासणी अहवाल, या तीन गोष्टी मागायच्या. मी अर्ज करतोच आहे. पण एका पत्रकाराचा अर्ज बाजूला ठेवणं सोपं असतं. वीस नागरिकांचे आले की फाइल आपोआप हलते.

ठेकेदार चोरच असतो किंवा अधिकारी खातातच, असं माझं म्हणणं नाही. प्रामाणिकपणे चांगलं काम करू पाहणारा अधिकारीही या प्रश्नांनी बळकट होतो. उद्या त्याच्यावर दबाव आला तर तो सांगू शकतो, "साहेब, लोक विचारतायत." आपण डांबराचे इंच मोजायला शिकलो, तसे फायबरचे पोर्ट मोजायलाही शिकू. अवघड काहीच नाही.

सभा लोकांसाठी खुली असते. ज्यांना जमेल त्यांनी प्रेक्षक सज्जात येऊन बसा. ज्यांच्या ग्रामपंचायतीत फायबरचा डबा आहे त्यांनी आज जाऊन बघा, दिवे चालू आहेत का. हिरवा, लाल की विझलेला, ते कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा, शक्य असेल तर फोटो टाका. सगळ्यांची यादी करून मी तहसील आणि पंचायत समितीत देणार आहे. आणि तुमच्यात कोणी नेटवर्किंगचं काम करणारे असाल, तर वरच्या नऊ प्रश्नांत दहावा तुम्ही घाला.